एका सुईच्या बहिणी

वालूमानं गोळ्यांची बाटली सुनेच्या हातून घेतली, झाकणही न उघडता गोधड्यांच्या चळतीत खोल खुपसली आणि चुलीकडे वळली.

"आई, डॉक्टर म्हणाले आजपासून," सजना म्हणाली. "रोज एक. तीन महिन्यांत आजार जातो म्हणे. लिव्हर अजून शाबूत आहे तुमचं. उशीर केला तर डॉक्टरही हात टेकतील."

"साठी उलटली माझी. बरी होऊन काय आता उंट वळायला जाऊ?"

सजना चिडून शेळ्यांकडे गेली. तिला काय सांगणार? भुजच्या डॉक्टरनं हिपॅटायटिस सी असं नाव सांगितलं होतं. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो, सुईतूनही, असं म्हणत त्यानं वालूमाच्या कोपरापर्यंतच्या गोंदणाकडे पाहिलं. "कुणी गोंदलं?" "मेली ती," वालूमा म्हणाली, आणि ते खरंच होतं. पण तिच्यामागं उंट-शेळ्या पाळणाऱ्या रबाऱ्यांच्या या वांढीतल्या, वस्तीतल्या सगळ्या पोरी वालूमानंच गोंदल्या होत्या, हे तिनं सांगितलं नाही.

लग्न ठरलं की पोरी तिच्यापुढं ओळीनं बसत. सुयांची एकच जुडी, काजळीची एकच वाटी, रक्त पुसायला एकच फडकं. एका सुईनं गोंदलेल्या पोरी जन्मभर बहिणी, ही या वांढीची रीत. आरोग्यकेंद्राची नर्स एकदा म्हणाली होती, मावशी, प्रत्येकीला नवी सुई घ्या. वालूमानं तिला सगळ्यांदेखत उडवून लावलं होतं. "मग बहिणी कशा होणार गं? तुझ्या सरकारी शिक्क्यानं?" पोरी खिदळल्या होत्या. त्यांत लाच्छूही होती.

गेल्या उन्हाळ्यात लाच्छू गेली. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. तिची दोन लेकरं आता तिच्या आईकडे, पुरीकडे असतात.

दुपारी तीच पुरी आत आली. सजनानंच बोलावलं असणार. पुरी आणि वालूमा एका वयाच्या, लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

"काय गं, औषधाला भितेस? उंट चावला तेव्हा तर त्यालाच शिव्या घालत होतीस."

वालूमाला हसू आलं नाही. तिनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

"पुरी, लाच्छू माझ्यामुळं गेली."

मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते, आणि नर्सला कशी हसली तेही. पुरी जमिनीकडे बघत राहिली.

"म्हणून गोळ्या घेत नाहीस?"

"कुठल्या तोंडानं घेऊ? तिला नाही मिळाल्या."

"वा! म्हणजे तू मरून मोकळी." पुरीचा आवाज चिरकला. "आणि त्या ओळीतल्या बाकीच्या? जमकू, हीरू? माझी धाकटी लेक? त्यांना कुणी सांगायचं, मी?"

"मला कुणी उंबऱ्यात उभं करणार नाही."

"नको करू देत. बाहेरून सांग. तपासून घ्या म्हणावं, औषध आहे म्हणावं. शिव्या देतील, त्या ऐक. कुणी सासरी गेलीय, कुणी कळपामागं रानोमाळ. एवढं हिंडायला अंगात बळ नको? कुठंय ती बाटली?"

वालूमानं गोधड्यांकडे बोट केलं. पुरीनं चळत उपसली, बाटली काढली आणि एक गोळी वालूमाच्या तळहातावर ठेवली.

"मला माफ करशील?"

"नाही," पुरी म्हणाली. "गीळ."

वालूमानं गोळी तोंडात टाकली. पाण्याचा माठ पुरीच्या हाताशी होता, पण तिनं पाणी दिलं नाही. गोळी घशात अडकली, मग कोरडीच खाली उतरली. पुरी ते होईस्तोवर बघत थांबली आणि उठली.

"उद्या ऊन चढायच्या आत निघू," दारात जोडे घालता घालता ती म्हणाली. "आधी माझ्या धाकटीकडे. तिथं मी तोंड उघडणार नाही. तूच सांगायचं."