डोलणारी पन्हळ कोणाची?

मी नागपूरच्या उन्हाला हरवणारा कूलर बोलतोय. हरवतो म्हणजे कुठं, तर माझ्या तोंडासमोरच्या पाच-सहा फुटांत. पाठ माझी खिडकीबाहेर, आणि तिथं तेच ऊन मे महिनाभर मला भाजून काढतं. तेव्हा माझं शौर्य जरा बेतानंच घ्या.

वय झालंय माझं. पायांना गंज चढलाय, एका बाजूची जाळी तारेनं बांधलीय. शिक्षण म्हणाल तर अर्धवट. एक उन्हाळा मला शिकवणीच्या खोलीत भाड्यानं नेलं होतं. बाष्पीभवनाचा धडा आला, सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, पोरं माझ्याकडे वळली, मी फुगलो, आणि लाइट गेली. तो धडा माझा अजून तसाच अर्धा पडलाय.

मला घडवलं संघपालनं. नंदनवन वस्तीत त्याचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे, लागूनच्या खोलीत घर. त्याची मुलगी अपेक्षा रांगत होती तेव्हाचा मी. दुकानासमोरची गल्ली मी पाठीनं बघतो आणि घरातली माणसं तोंडानं. दोन्हीकडची गंमत मला फुकट मिळते.

सुरुवातीला मी चारचौघांसारखाच कूलर होतो. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. कूलरच्या वरच्या नळीला बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी गवताच्या ताट्यांवर झिरपतं. भोकांत पांढरा क्षार बसला की ताट्या कोरड्या पडतात आणि कूलर गरम वारा ओकायला लागतो. मग घरातली बाई सुई घेऊन स्टुलावर चढते. आमच्या घरी संघपालची बायको जयवंता चढायची. मी तिच्या बाहीत हळूच एक थेंब सोडायचो, ती मला शिव्या द्यायची. एकदा स्टूल सरकलं आणि तिचं मनगट मोडलं. त्यानंतर थेंब सोडायची मजाच गेली.

संघपालनं माझी नळी उपटून फेकली. तिच्या जागी पत्र्याची पन्हळ बसवली, मधोमध कण्यावर तोललेली, झोपाळ्यासारखी. भरली की एकीकडे कलते, त्या बाजूची ताटी चिंब करते, मग दुसरीकडे कलते. भोकच नाही तर बुजणार काय? मोटरही छोटी पुरते. मी पहिल्यांदा डोललो तेव्हा जयवंता हाताला प्लॅस्टर घालून बघत बसली होती.

"अजी, हा तर माना डोलावून राहिला!"

"तुह्यासाठीच बनवला वं," संघपाल म्हणाला.

माणसाचा मोठा शोध असा एका वाक्यात आटोपतो, हे मी तेव्हा पाहिलं.

चौदा एप्रिलला जयंतीचा मांडव पडतो. जेवणाच्या रांगा उन्हात उभ्या असतात, म्हणून आमच्या वस्तीत घरोघरचे कूलर मांडवात नेतात. मलाही नेलं. माझी डोलणारी पन्हळ बघायला गर्दी जमली. आणि संघपाल! जो विचारेल त्याला झाकण काढून दाखवायचा. पत्र्याचं काम करणाऱ्यांत रीतच आहे ती. कोणी "कसं केलं गा?" विचारलं तर तो मान असतो, आणि मान घेणारा काही लपवत नाही. कोराडीहून कवडू आला होता, तोही याच कामातला. त्यानं तिथंच वितीनं माप घेतलं आणि पुढच्या महिन्यात स्वतः तसे कूलर बनवायला लागला. संघपाल खूश.

त्याच रांगेत प्रीतम होता. कन्हानकडे त्याचा कूलरचा कारखाना. तो वाकून आत बघायला लागला, तशी मी पन्हळ नेमकी त्याच्या डोक्यावर रिकामी केली. लोक हसले, तोही हसला. डोकं पुसता पुसता म्हणाला, "काका, कणा मधातच काहून ठेवला?" संघपालनं तेही समजावून सांगितलं. अपेक्षा सगळ्याचा व्हिडिओ काढत होती. तिनं तो त्याच संध्याकाळी इंटरनेटवर टाकून सगळ्या जगाला दाखवलाही.

पुढच्या उन्हाळ्यात संघपालकडे प्रीतमच्या वकिलाची नोटीस आली. त्या पन्हळीच्या पेटंटसाठी आमच्या अशिलानं अर्ज केलाय, असले कूलर बनवणं थांबवा. कवडूलाही तशीच आली.

संघपाल हसला आधी. वाटलं, कोणीतरी थट्टा केली. मग अपेक्षानं शब्द न् शब्द वाचून दाखवला, आणि तो खाली बसला.

पेटंटचं काम बघणाऱ्या सोनिका मॅडम घरी आल्या. त्यांच्या चष्म्यावरही मी पाणी उडवलं, पण त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, आधी अर्ज करायचा असतो, मग जगाला दाखवायचं. तुम्ही उलटं केलं."

"पण मॅडम, चोरी त्यानं केली ना!" संघपाल म्हणाला.

"केली. हा व्हिडिओ दाखवला की त्याचा अर्ज पडेल. पन्हळ आधीपासून सगळ्यांसमोर होती, म्हणजे ती नवी नाही. पण मग तुमच्यासाठीही ती नवी उरत नाही. त्याला मिळणार नाही, तुम्हालाही नाही."

अपेक्षानं मोबाइल बंद केला. एक मीच तेवढा डोलत होतो.

याची खबर प्रीतमला कशी लागली देव जाणे, पण तो मिठाई घेऊन हजर झाला. खुर्ची माझ्यासमोर ओढून बसला.

"काका, कायले भांडता? मी अर्जात तुमचंबी नाव टाकतो. शोध लावणारे म्हणून. व्हिडिओ तेवढा पेटंट ऑफिसात पाठवू नका."

संघपालचे डोळे चमकले. मी बघितलं. माणूस सातवी शिकलेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानाच्या पाट्या बनवल्या, स्वतःचं नाव कुठंच नाही. आणि इथं सरकारदरबारी छापून येणार होतं.

"अन् कवडू?" त्यानं विचारलं.

"त्याले बंद करावं लागन. कायदा हाये काका, मी काय करू?"

प्रीतम गेल्यावर जयवंता म्हणाली, "तुमच्या मनात असन तर घ्या नाव. मी काही म्हणणार नाही." पण मिठाईचा डबा तिनं उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी संघपालनं अपेक्षाला सांगितलं, "पाठव मॅडमले व्हिडिओ."

सुनावणी लॅपटॉपवर झाली. आवाज नको म्हणून मला बंद केलं. ज्याच्यावरून भांडण, त्यालाच गप्प बसवलं, बघा! संघपाल घामानं निथळत बसला होता.

पेटंट ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, "पन्हळ सगळ्यांना बघता येत होती?"

"हो साहेब."

"कशी चालते, ते कोणालाही कळू शकत होतं?"

संघपाल पुढे सरकला. "मी सोता झाकण काढून दाखवलं, साहेब. जो विचारन त्याले."

प्रत्येक शब्द खरा होता, आणि प्रत्येक शब्दानं त्याचा स्वतःचा हक्क कापला जात होता.

प्रीतमचा अर्ज नामंजूर झाला. कवडूनं फोनवर आरडाओरडा करून आनंद साजरा केला. संघपाल "हो, हो" म्हणत राहिला.

मी आयुष्यभर लोकांची टर उडवली, पण आज हात जोडून सांगतो, नसले तरी. तुम्हाला काही सुचलं तर मन मोठं ठेवा, वाटायचं तर वाटा. पण वाटायच्या आधी एकदा कोणाला तरी विचारा. नाहीतर दान केलं की हरवलं, हेच कळत नाही. संघपालला अजून कळलेलं नाही. मलाही नाही.

परवा गल्लीत टेम्पो थांबला. प्रीतमच्या कारखान्याचे पन्हळवाले कूलर शेजारच्या दुकानात उतरत होते. प्रीतम स्वतः आला होता. संघपाल दारात उभा राहिला आणि जरा मोठ्यानंच म्हणाला, "काहून गा प्रीतम, चोरी पचली नाही ना?"

प्रीतम चिडला नाही. हातानं टेम्पोवाल्याला थांबवून तो जवळ आला.

"नाही पचली, काका. म्हणून मीबी बनवून राहिलो, कवडूबी बनवून राहिला, उद्या सारं नागपूर बनवन. माझ्या अर्जात एका कोपऱ्यात तरी तुमचं नाव राहिलं असतं. आता सांगा, याच्यात कुठं हाये ते?"