पन्नासावी ओळ

दादा घरातून निघून गेला त्याला चार दिवस झाले होते. टेबलावर ‘शोधू नका’ एवढीच चिठ्ठी, तिच्यावर त्याचा फोन. इन्सुलिन फ्रीजमध्ये तसंच. त्याच्याशिवाय दादा किती दिवस काढेल याचा हिशेब मी मनात करत होते आणि वहिनीला सांगत नव्हते.

त्याच्या मेलचा पासवर्ड तिला ठाऊक होता. कुठलं तिकीट, कुठली पावती येते का, म्हणून ती दर अर्ध्या तासाने मेल उघडायची. रात्रीही, गजर लावून.

“नुसती डोळेफोड चाललीय माझी,” ती म्हणाली. “शास्त्रज्ञबाई, तुम्ही तरी काही करा.”

सकाळी सव्वानऊला मी त्याच्या मेलमध्ये शिरले. मेल कधी आणि इंटरनेटच्या कोणत्या जोडणीवरून, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्यावरून उघडला गेला, याची यादी तिथे एका पानावर असते. ती कॉपी करून मी प्रयोगशाळेतल्या माझ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये टाकली. कुठल्याही मजकुरातून तो फक्त पत्ते वेचतो, म्हणजे ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे, आणि कोणता किती वेळा आला ते सांगतो.

दोनच निघाले. आमच्या घरचा, एकोणपन्नास वेळा. दुसरा, एकदा.

“वहिनी, दादाच! दुसरं कोण असणार?”

तिने पडद्यावरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवलं.

पान बंद करून मी तो पत्ता दादाचा शोध घेणाऱ्या फौजदारांना पाठवला आणि फोन लावला.

“मोबाइल कंपनीचा दिसतोय,” ते म्हणाले. “बाई, अशा एका पत्त्यामागे हजार माणसं असतात. वेळ सांगा. मिनिटासकट.”

वेळ प्रोग्रॅमने टाकून दिली होती. त्याला मीच तसं सांगितलं होतं. मूळ मजकूर मी जपून ठेवला नव्हता. मी पान पुन्हा उघडलं. पन्नासच्या पन्नास ओळी आमच्या घरच्या. यादीत शेवटच्या पन्नासच राहतात. माझ्या उघडण्याने सगळ्यात जुनी ओळ, नेमकी दादाची, गळून पडली होती.

“माझ्यामुळे गेली,” मी म्हणाले.

“तुझी एकच गेली गं.” वहिनी म्हणाली. “मी चार दिवस काय करत होते? त्याच्या आणखी किती पुसल्या असतील मी?”

मी पडद्याकडे बघत राहिले. आता सगळ्यात खाली काल सकाळची साडेनऊची ओळ होती.

“वहिनी, काल नऊला उघडला होतास?”

“एकही गजर चुकवला नाही मी.”

“मग दादाने नऊ ते साडेनऊच्या मध्ये उघडलाय, कुणाच्या तरी फोनवरून.”

फौजदार फोनवरच होते. “अर्धा तास? शेकड्यांनी नावं येतील, बाई. कंपनी आठवडा लावेल.”

वहिनीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. “इन्सुलिनशिवाय आठवडा नाहीये त्याच्याकडे! शेकडो तर शेकडो, मला नंबर द्या, मी एकेकाला फोन करते.”

“तसे नंबर देता येत नाहीत, ताई.”

“मग तुम्ही करा!”

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “पत्ता परत सांगा. सावकाश.”

वहिनीने फोन माझ्यापुढे धरला. मी एकेक आकडा सांगू लागले.