सेनिसाची घंटा

"घोडीवर कोण बसतं? बायका आणि पाद्री!" असं म्हणत मुकादम बारसोलाने सेनिसाच्या गळ्यातली घंटा काढून माझ्या पायाशी फेकली. "घे नेलिदा, ही तुझी घोडी. बाकीची कसायाच्या ट्रकात गेली समज."

मी ट्रकामागे धावले, पोटभर धूळ खाल्ली आणि परत आले. माझा बाप इसिद्रो रँचवरचे घोडे सांभाळायचा; तो येर्बाच्या पाल्याचा कडू काढा नळीने ओढत उभा होता. तोंडात नळी होती म्हणून तो बोलला नाही, अशी मी माझी समजूत घातली.

मी चालायला शिकले ती सेनिसाचा पाय धरून. रात्री दूरच्या कुरणातून तिची घंटा ऐकू आली की मला झोप लागायची. आमच्याकडे गुराखी घोडीवर बसला की त्याची अब्रू जाते. पण रँचवरचे बाराही खच्ची घोडे तिच्याच घंटेमागे चालायचे. "घोड्यांना घोडी कशाला? माझी शिट्टी बास आहे," असं बारसोला म्हणायचा. पुढे कित्येक वर्षांनी तो मेला तेव्हा सगळं गाव त्याच्या मातीला गेलं. मी तेव्हा एका हॉटेलात कामाला होते; मी चादरींना इस्त्री करत राहिले.

सेनिसाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरं वळायची होती आणि घोडे पार क्षितिजापर्यंत पांगले होते. गाल दुखेपर्यंत शिट्ट्या मारून बारसोला आमच्या दारात आला. पायी, खोगीर खांद्यावर.

"ए कार्टे, घंटा वाजव!"

मी घंटेचा लोलक मुठीत आवळून धरला.

"वाजव, पोरी," बाप म्हणाला. "पोटावर पाय येईल."

"आधी सेनिसा आणा."

बापाने मला थोबाडीत मारली. पहिल्यांदाच. मी मूठ उघडली नाही.

"पोर आवरत नाही, घोडे काय आवरणार तू? बिऱ्हाड उचल, इसिद्रो!"

दुपारी आम्ही दूधवाल्याच्या गाडीत बसलो. कॉट, किटली, आईचा फोटो, एवढंच होतं. कुंपणाच्या तारेला लागून रस्ता जात होता. बाप माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता वाजव."

मी वाजवली. हात दुखेपर्यंत वाजवली. बाराही घोडे माळावरून दौडत आले आणि तारेच्या पलीकडून आमच्याबरोबर चालू लागले. मागे बारसोला खोगीर घेऊन ठेचकाळत शिव्या देत होता. मला फार बरं वाटलं.

कोपऱ्यावर तार आत वळली, तिथे घोडे थांबले. मी एकेकाला नावाने हाक मारली. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. माना लांब करून ते गाडीत तिला शोधत होते.