न दिसलेला गोळा

ओल्या चादरीखालून वाकून होरेस टिडमन स्वयंपाकघरात आला, तरी तिचं टोक मानेला गार लागलंच. दारापासून खिडकीपर्यंत दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर चार पांढऱ्या चादरी टपटप गळत होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं. समुद्रावरून असा वारा येत होता की तासाभरात घोंगडीसुद्धा वाळली असती.

“बसा मास्तर,” लिओनी म्हणाली. “पण हात रिकामे ठेवून नाही. हा चाकू, हे बटाटे.”

तो बसला. बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या या लहानशा गावात येऊन त्याला तीन दिवस झाले होते. लिओनी वरची खोली उतारूंना भाड्याने देई. हा इंग्रज शाळामास्तर आपली फ्लेमिश भाषा बोलतो याचं तिला नवल वाटलं होतं. महायुद्धात आमच्या डोव्हर बंदरावर आलेल्या तुमच्याकडच्या कोळ्यांकडून शिकलो, असं त्याने सांगितलं होतं. का शिकलो, ते सांगितलं नव्हतं. तीन दिवस तो रोज जेवायला बसताना सांगायला म्हणून तोंड उघडायचा आणि नुसतं मीठ मागायचा.

“अहो, सोलताय की कोरताय? बटाट्याचं बोर केलंत!”

“बाई, इतकं ऊन असताना चादरी घरात का वाळत घालता?”

लिओनीने चुलीवरचं भांडं उगाच हलवून पुन्हा होतं तिथेच ठेवलं.

“माझ्या चादरी बाहेर दिसलेल्या गावाला खपत नाहीत,” ती म्हणाली. “सात वर्षं झाली.”

होरेसचा चाकू थांबला. सात वर्षं त्यानेही मोजली होती.

“तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच हिशेब लावा,” ती सांगू लागली. “तिथे वाळूच्या टेकडीमागे जर्मनांच्या तोफा होत्या. एक दिवस सकाळी लांबून तुमच्या जहाजांचा आवाज आला. पहिला गोळा आला तो थेट त्या तोफांवर! एक तोफ उलटीच झाली. आम्ही मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. म्हटलं, काय नेम आहे! पण मला वाटलं, मागे माणसं राहतात हे त्यांना कळायला हवं. म्हणून घरात होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी परसात टांगल्या. बायकामुलांचं घर आहे हे दिसावं म्हणून.” ती थांबली. “दुसरा गोळा बेकरीवर पडला. पावासाठी रांग होती. पाच माणसं गेली. पलीकडच्या कामीलची बायको इर्मा गेली.”

“आणि दोष तुमच्यावर आला?”

“येणारच ना! पहिल्याच गोळ्याला ज्यांनी तोफ टिपली, त्यांचा नेम एकाएकी कसा चुकेल? मध्ये काय बदललं? माझ्या चादरी. पांढरं बघून त्यांनी इकडे नेम धरला, लिओनीने खूण दाखवली म्हणतात. कामील तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटतं.”

होरेसने चाकू खाली ठेवला. हाताला लागलेली माती निघून गेल्यावरही तो हात पँटला पुसत राहिला.

“पहिला गोळा तोफांवर पडला. नक्की?”

“डोळ्यांनी पाहिलंय.”

हे त्याला ठाऊक नव्हतं. चर्चच्या भिंतीवरची पाच नावं त्याने पहिल्याच दिवशी वाचली होती, पण हे ठाऊक नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुमच्या चादरी कुणालाच दिसल्या नाहीत. दिसणं शक्य नव्हतं. मी तिथे होतो.”

ती वळली.

“ती जहाजं लढायच्या कामाची नव्हती. बसकी, रुंद, बैलगाडीच्या चालीची. किनाऱ्यावर मारा करण्यापुरती बांधलेली. एकेकावर दोन प्रचंड तोफा, दुसऱ्या जहाजांवरून आणून बसवलेल्या. पाच-सहा कोसांवरून मारायच्या. एवढ्या लांबून टेकडीवर उडालेला धुरळा तरी काय दिसणार? म्हणून रेल्वेच्या रुळांची एक मोठी तिपाई करून ती किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवायचे. पाय पाण्यात बुडलेले, वर बसायला जेमतेम जागा. तिथून दुर्बिणीने गोळा कुठे पडला ते बघायचं आणि जहाजाला कळवायचं. आमचा साहेब त्या दिवशी ओकून ओकून आडवा झाला होता. दुर्बीण माझ्याकडे होती.”

लिओनी उभीच होती. चादरींतून पाणी ठिबकत होतं.

“तोफ उडाली की गोळा पडायला चाळीस अंक मोजायचे. पहिला गोळा सुटला तेव्हा मला थंडी वाजत होती. वाटलं, चाळीस अंकांत बाटलीतला गरम कोको पेल्यात ओतून होईल. मग बाटलीचं झाकण बसेना. मान वर केली तर टेकडीवर नुसता धूर. कुठला, कशाचा, काही कळेना.”

“मग?”

“तीन खुणा होत्या. कमी पडला, जास्त पडला, दिसला नाही. तिसरी करायला हवी होती.” त्याचा आवाज वर्गातल्यासारखा सपाट झाला होता. “पण एकेक गोळा दहा मणांचा. तो वाया गेला, कारण टिडमन कोको पीत होता, असं सगळं जहाज म्हणणार. मी अंदाज केला. ‘कमी पडला’ म्हणून कळवलं. त्यांनी पल्ला वाढवला.”

त्याला वाटलं, आता ती ओरडेल, उकळतं भांडं अंगावर फेकेल. त्यासाठीच तर तो आला होता. मागच्या हिवाळ्यात वर्गातल्या एका मुलीने पाटीवर ठोकून दिलेलं उत्तर पाहून तो म्हणाला होता, “येत नसेल तर येत नाही म्हणावं, त्यात कसली...” आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडून फुटला नव्हता. मुलं वाट बघत राहिली होती.

लिओनीने एकेक चादर दोरीवरून ओढली आणि टोपलीत टाकली.

“उचला.”

“बाई...”

“मला सांगून तुमचं ओझं उतरलं असेल. माझं नाही उतरलं. उचला टोपली.”

परसात वाऱ्याने दार हातातून हिसकावलं. कुंपणापलीकडे म्हातारा कामील ओट्यावर बसून लाकडी जोडा कोरत होता. पांढरं काही हललेलं दिसताच त्याचा हात थांबला. तो उठला आणि आत जायला वळला.

“कामील,” लिओनी म्हणाली. तो थांबला नाही. तिने होरेसकडे पाहिलं. “ही चादर धरा, आणि बोला.”

होरेसने चादरीचं एक टोक धरलं आणि म्हाताऱ्याच्या पाठीला उद्देशून बोलला. या वेळी कोकोही सांगितला, लाजही सांगितली. अर्ध्यावर कामील वळला. हातातला अर्धवट जोडा त्याने छातीशी धरला होता.

“दिसला नव्हता?”

“नव्हता.”

“आणि तिच्या चादरी?”

“टेकडीच्या आड होत्या. तिपाईवरून छपरंसुद्धा दिसत नव्हती.”

“मग ‘दिसला नाही’ म्हणायला काय लागत होतं, रे?”

कामीलने उत्तराची वाट पाहिली. खूप वेळ, एखाद्या मंद पोराची पाहावी तशी. मग तो घरात गेला आणि दार लागलं.

लिओनीने दुसरं टोक दोरीवर टाकलं. तिच्या बोटांना ते जमेना. परसातली दोरी कुजली होती, चिमटे कुठे होते कोण जाणे. चादर फडफडून तिच्या तोंडावर येत होती.

दार पुन्हा उघडलं. कामील कुंपणापाशी आला. त्याच्या हातात कापडाची जुनी पिशवी होती, तोंडाशी निळ्या दोऱ्याने शिवलेली. बायकी हाताची शिवण. त्याने होरेसकडे पाहिलंच नाही. पिशवी कुंपणावरून लिओनीला दिली.

“इर्माचे चिमटे आहेत,” तो म्हणाला. “वारा फार आहे. दोन-दोन लाव.”

लिओनीने पिशवी घेतली. मान खाली घालून ती एकेक चिमटा लावू लागली, दोन-दोन. कामील कुंपणाशीच उभा राहिला. रस्त्याने जाणारी एक बाई थबकली, मग दुसरी.

“सोडू का आता?” होरेसने हळूच विचारलं. त्याचे दंड भरून आले होते.

“नको,” लिओनी म्हणाली. “त्या बायका इकडे येतायत. त्यांनाही सांगायचंय.”

त्याने टोक घट्ट धरलं. चादर शिडासारखी फुगून समोर उभी राहिली. तिच्यापलीकडे टेकडी होती, टेकडीपलीकडे समुद्र. इथून त्यातलं काहीच दिसत नव्हतं.