आमच्या अहवालातली नऊ पोरं

दर शरदात आमच्या कॉलेजात प्रत्येक विभागाने स्वतःचा अहवाल लिहायचा आणि स्वतःलाच श्रेणी द्यायची. रीत अशी की मनात येईल त्याच्या एक पायरी वरची द्यायची. आपल्याच ताकाला आंबट कोण म्हणणार!

मी म्हटलं. मी शिकवतो त्या विभागाबद्दल सरळ लिहिलं. गवंडीकाम विभाग : सुधारणा हवी. पोरं भिंत सरळ बांधतात, पण किती विटा लागतील ते काढता येत नाही. बावीसपैकी नऊ जण गणितात नापास.

आमच्या उपप्राचार्य बेव्हर्ली. त्यांनी कागद दोनदा परत केला. "ग्लिन, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस. तपासणीत वर्ग बंद पडेल, आणि तू घरी बसशील."

"मग खोटं लिहू?"

"चांगलं लिही, एवढंच म्हणतेय."

नाही बदललं. हट्टीपणा आईकडून आलाय. गणिताचा तास मात्र वर्गातून उचलून थेट कार्यशाळेत, विटांच्या ढिगाशेजारी आणला.

फेब्रुवारीत तपासनीस आल्या, ओगिल्वीबाई. त्यांनी जोडी नावाच्या माझ्या विद्यार्थिनीला गाठलं. वय एकेचाळीस, बेकरी सोडून आलेली. "चार मीटर लांब, दोन उंच. चौरस मीटरला साठ विटा. मधे एक चौरस मीटरची खिडकी. किती लागतील?"

"चारशे ऐंशी," जोडी म्हणाली.

चुकलं. बाईंनी माझा अहवाल उघडला. "हेच दुखणं तुम्ही इथे लिहिलंय. उपाय काय केलात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जोडी ओरडली, "अहो थांबा! खिडकीत कुठे विटा लावतात? साठ कमी करा. चारशे वीस!"

ओगिल्वीबाई हसल्या. मी पालथ्या बादलीवर मटकन बसलो.

शुक्रवारी बेव्हर्ली कार्यशाळेत आल्या, धुळीत, चांगल्या बुटांनिशी. "वर्ग चालू राहणार. बाई म्हणाल्या, इथे एकाच विभागाला आपलं दुखणं माहीत आहे आणि तो औषधही घेतोय." मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. लाज नाही वाटली.

त्या मात्र उभ्याच. "अख्ख्या कॉलेजचा माझा अहवाल बाईंनी परत केलाय. नव्याने लिहायचाय. मदत करशील?"

"बसा. पहिलं वाक्य सांगा."

त्या विटांच्या ढिगावर बसल्या. मग म्हणाल्या, "लिही. मी एका शिक्षकाला दोनदा खोटं लिहायला सांगितलं."