पांढऱ्या गाडीवरचा हिरवा रंग

गाडी विकायची असं ठरलं तेव्हा शेषराव कऱ्हाळ्यांनी सगळ्यात आधी ती स्वतःच्या हाताने धुतली. सेनगावचे एक मास्तर रविवारी पाहायला येणार होते. पुण्याची लेक आकांक्षा फोनवर सांगून थकली होती की बाबा, वय झालं, आता स्टिअरिंग सोडा. शेवटी त्यांनी ऐकलं, पण जणू आपल्याच मनाने ठरवलं असं दाखवून ऐकलं. त्यांचं सगळं तसंच. आपलं चुकलं असं म्हणायची वेळ त्यांच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती. ते चुकत नव्हते म्हणून नव्हे, त्यांना तोंडावर सांगायची गावात कुणाची छाती नव्हती म्हणून.

आठ वर्षांची पांढरी गाडी. तिला एकच खोट होती. डाव्या अंगाला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, एक लांबलचक ओरखडा. दोन वर्षांपूर्वीचा. तो कुणी काढला हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. थावराने.

थावरा राठोड गावाशेजारच्या तांड्यावरचा. शेषरावांची हळद वीस वर्षं त्याच्याच बैलगाडीतून शेतातून घरी यायची. त्या साली पाडव्याच्या आठवडाभर आधी तो दुपारी पोती घेऊन आला, अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या बाजूने बैलगाडी काढली, पोती उतरवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेषरावांना ओरखडा दिसला. बैलगाडीच्या चाकाचा आस बाहेर आलेला असतो, तोच घासला असणार, दुसरं काय. त्यांनी थावराला बोलावून घेतलं आणि अंगणात चारचौघांत उभं केलं. थावरा म्हणाला, न्हाई मालक, माझी गाडी लागली न्हाई. लागली म्हण, माफी माग, सोडून देतो, असं शेषराव दोनदा म्हणाले. तो दोन्ही वेळा न्हाईच म्हणाला. ओरखड्यापेक्षा त्याचं ते न्हाई शेषरावांना जास्त लागलं. मग ते म्हणाले, तर नागनाथापुढं बेल उचल.

आमच्याकडे बेल उचलणं म्हणजे शेवटचा निवाडा. औंढ्याच्या देवळाच्या पायरीवर उभं राहायचं, तळहातावर बेलाचं पान ठेवायचं आणि मी हे केलं नाही असं म्हणायचं. खोटं बोललात तर पुढचं देव पाहून घेतो. सोमवारी साक्षीला माणसं घेऊन शेषराव थावराला औंढ्याला घेऊन गेले, आणि तेही त्याच गाडीत बसवून. थावराने बेल उचलला. हात थरथरला नाही की जीभ अडखळली नाही.

इथंच मिटायचं, पण पोळ्याच्या दोन दिवस आधी थावराचा एक बैल साप चावून मेला. नागनाथ हा तर नागांचाच धनी. पारावर बसून शेषरावच पहिल्यांदा म्हणाले, "नागनाथानं आपला माणूस धाडला." वाक्य मोठं जमून आलं होतं. दोन दिवसांत ते सगळ्या गावाच्या तोंडी झालं. तेव्हापासून थावरा म्हणजे खोटा बेल उचललेला माणूस. असल्या माणसाच्या भरवशावर कोण आपली हळद आणि सोयाबीन सोडणार? उरलेला एकटा बैल त्याने विकला आणि पंचावन्नाव्या वर्षी वसमतच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, पोती उचलायला लागला. सकाळच्या एसटीने जायचा, संध्याकाळच्या एसटीने यायचा. फाट्यावर शेषराव दिसले तर मान खाली घालायचा. ती मान शेषरावांना कबुलीसारखी वाटायची आणि बरं वाटायचं.

तर असा तो ओरखडा घेऊन शेषराव शुक्रवारी वसमतला मुन्नाच्या गॅरेजवर गेले. मुन्ना गाड्यांचे पत्रे ठोकून रंग मारायचं काम करतो. गिऱ्हाइकाला दिसणार नाही असं कर, असं त्यांनी त्याला बजावलं. मुन्ना उकिडवा बसला, ओरखड्यावरून नख फिरवत गेला आणि मागच्या दारापाशी थांबला. इथं नख अडकतंय, म्हणाला, म्हणजे नुसत्या पॉलिशने जायचं नाही. घासावं लागेल, पुट्टी भरावी लागेल, मग रंग. मग त्याने एका फडक्यावर थिनर घेतलं आणि ओरखड्याच्या खोबणीत दाबून फिरवलं. फडकं उलटून पाहिलं आणि शेषरावांपुढे धरलं.

"चाचा, लोखंड न्हाई घासलं. रंग घासलाय. हिरवा ऑइलपेंट. कुनाच्या फाटकाला लावली व्हती गाडी?"

फडक्यावर हिरवी रेघ होती, मेथीच्या पानाच्या रंगाची. शेषराव म्हणाले, फाटकाला कशाला, बैलगाडी लागली होती. मुन्ना हसला. बैलगाडीच्या आसाला वंगण असतं, म्हणाला, काळं. आणि आस एका जागी खड्डा पाडतो, अशी सरळ रेघ ओढत नाही. ही तर गाडी स्वतः चालत जाऊन घासलेली आहे. त्याच्या दृष्टीने विषय तिथंच संपला. तो पुट्टीचा डबा शोधायला आत गेला.

शेषराव तिथल्या टायरवर बसले. त्यांच्या घराचं फाटक आता निळं होतं. पण दोन वर्षांपूर्वी ते हिरवं होतं.

मग त्यांना ती संध्याकाळ आठवली. थावरा पोती टाकून गेल्यावर ते एका साखरपुड्याला गेले होते. दिवेलागणीला परत आले. डाव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता, ऑपरेशन पुढे ढकलत होते. फाटकातून आत शिरताना डाव्या बाजूला काहीतरी खरखरलं होतं. फाटकाशेजारी तुराट्यांचे भारे रचलेले असायचे, तेच घासले असतील असं त्यांना वाटलं. ऐकलं होतं त्यांनी. चांगलं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ओरखडा पाहताना ती खरखर आठवलीच नाही, की आठवली आणि त्यांनी तिला हाकलून दिलं, हे आता त्यांचं त्यांनाही सांगता येईना. मुन्ना डबा घेऊन आला तेव्हा ते म्हणाले, आज नको. आणि तो काही विचारायच्या आत त्यांनी ओरखड्याला वीत लावली. जमिनीपासून तीन विती आणि चार बोटं.

घरी आल्यावर त्यांनी गाडी बाहेरच उभी केली आणि फाटकाला वीत लावली. तीन विती आणि चार बोटांवर बरोबर कडीचा लोखंडी उंचवटा आला. खिशातल्या किल्लीने त्यांनी त्यावरचा निळा रंग खरवडला. खाली हिरवा निघाला, आणि त्या हिरव्यावर बोटभर पांढरा पट्टा.

पद्माबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. शेषरावांना काही विचारावंच लागलं नाही, नवऱ्याचं तोंड पाहूनच त्या बोलायला लागल्या. त्या सकाळी सडा टाकताना त्यांना कडीवर पांढरा रंग दिसला होता. पण त्या सांगायला वळेपर्यंत शेषरावांनी थावराला बोलावून चारचौघांत फैलावर घेतलं होतं.

"तुमचं तोंड सुटलं व्हतं. माणसं जमली व्हती. तुमीच घासली असं मी त्यांच्यापुढं म्हणायचं व्हतं का?"

"मग फाटक कुणी रंगवलं?" शेषरावांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

पाडव्याचं निमित्त करून पद्माबाईंनी थावरालाच बोलावलं होतं, बेल उचलायच्या आदल्या दिवशी, शेषराव शेतात गेल्यावर. तो पांढरा पट्टा त्यानेही पाहिला. हातात ब्रश धरून नुसता उभा राहिला. पद्माबाईंनी त्याला हात जोडले. म्हणाल्या, बाबा, तू खरा हायेस, खऱ्या माणसाला बेलाची काय भीती, उद्या उचल अन् मोकळा हो, पण मालकाची लाज राख. कुणाला सांगणार न्हाई, एवढंच थावरा म्हणाला. त्याने डब्यात ब्रश बुडवला आणि आपल्या खरेपणाचा पुरावा आपल्याच हाताने निळा करून टाकला.

"बैल मरंल असं मला काय ठाऊक," पद्माबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

शेषरावांना बायकोचा राग आला नाही. त्यांना येत होती ती शरम, आणि ती इतकी जड होती की फाटकाशेजारच्या दगडावर बसले ते त्यांना उठवेना. दोन वर्षं ज्या माणसाच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहून त्यांना बरं वाटत होतं, तो माणूस त्यांचीच लाज झाकत होता. आणि ही गोष्ट त्यांच्या घरात त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती. कडीलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी अमावास्या, मोंढा बंद. शेषराव सकाळीच गाडी घेऊन तांड्यावर गेले. थावरा दारात बसून पायाला तेल चोळत होता. मालकाला पाहून तो उठायला लागला, तर शेषरावांनी हाताने खाली बसवलं आणि स्वतःही त्याच्यासमोर मातीत बसले. रात्रभर मनात जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. एवढंच म्हणाले, "थावरा, गाडी मीच घासली व्हती."

"ठाऊक हाय, मालक," थावरा म्हणाला.

तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर शेषरावांना तेवढंच हलकं वाटलं असतं. पण तो पायाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला की पहिले चार-पाच महिने निभावले. बैल मेल्यावर मात्र त्याचं त्यालाच कळेना झालं. बैलगाडी लागली नव्हती हे त्याने स्वतः पाहिलं होतं, फाटकावरचा रंगही पाहिला होता, तरी दिवसा हमाली करताना मनात यायचं की आपली बैलगाडीसुद्धा लागली असेल का, आपण खोटा बेल उचलला असेल का.

"माझं जाऊ द्या," तो म्हणाला. "हिला सांगा. मी पद्माबाईला जबान दिली व्हती, म्हणून हिलाबी काई बोललो न्हाई. दोन सालं झाली, ही मला विचारून राहिली."

त्याची बायको सखुबाई दाराआड चुलीपाशी बसलेली होती. वीस वर्षांत शेषराव तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. हळद काढायला ती त्यांच्याच रानात यायची, पण तिला जे सांगायचं ते थावराला सांगायचे. आता ते उंबऱ्याशी आले आणि फाटक, कडी, हिरवा रंग, सगळं तिला सांगितलं. ती खाली पाहून ऐकत होती. सांगून झालं तसं तिने वर पाहिलं.

"मग बैल काहून मेला?"

शेषरावांनी उंबऱ्याला हात टेकला.

"तुमी तर म्हणला व्हता, देवानं साप धाडला. माझा धनी खोटा म्हणून धाडला. धनी खोटा नव्हता, तर मग साप कुणासाठी आला व्हता?"

"निस्ता साप व्हता, सखुबाई," शेषराव म्हणाले. "पावसाळ्यात निघतात तसा. त्यात देवाचं काई नव्हतं. मी उगाच म्हणलो."

सखुबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"हे मला चुलीपाशी सांगून काय उपेग? जिथं म्हणला व्हता तिथं म्हणा."

शेषराव गाडीत बसले आणि गावात आले. पारावर सकाळची मंडळी होती. त्यात बालाजी होता, औंढ्याला साक्षीला आलेल्यांपैकी एक. शेषरावांनी ओरखड्याची बाजू पाराकडे येईल अशी गाडी उभी केली. या आबा, बसा, म्हणून दोघांनी सरकून जागा केली. ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. एक हात गाडीच्या टपावर टेकलेला होता. थावराचा बेल खरा होता, म्हणाले. गाडी मी घासली. सापाचं मी आपल्या मनचं म्हणलो.

एकाने तंबाखू मळायला घेतली. मग बालाजी समजुतीच्या सुरात म्हणाला,

"जाऊ द्या ना आबा. झालं ते झालं. आता काहून उकरून राहिले? गाडीला झकास रंग मारून टाका, दिसणार बी न्हाई कुणाला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी त्यांना दोष दिला नाही. कुणी थावराचं नावसुद्धा काढलं नाही. उलट मोठ्या मनाचा माणूस म्हणून सगळे त्यांच्याकडे कौतुकाने पाहायला लागले, आणि ते कौतुक शेषरावांना त्या सकाळी सगळ्यात जास्त बोचलं. इतकं सोपं होतं तर हे. थावराने दोन वर्षं भोगलं आणि आपण पाच मिनिटांत सुटलो.

त्यांनी मान वळवली. रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून सखुबाई उभी होती. तांड्यावरून गाडीच्या मागे चालत आली होती. बालाजीचं बोलणं तिने ऐकलं होतं, शेषरावांचं मात्र ती येण्याआधीच संपलं होतं. ती कुणाकडे पाहत नव्हती, नुसती वाट पाहत उभी होती.

शेषरावांनी बालाजीला हाताने गप्प केलं, घसा साफ केला आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.