ठकी येते म्हणाली

"आत्या, आता आवळू नकोस. आटे जातील," भाची म्हणाली.

आत्याने पाना खाली ठेवला. बॅटरीच्या टोकांना मघाशीच व्हॅसलीन लावून झालं होतं, तरी तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं. लेकराला बाहेर पाठवताना विंचरलेल्या केसांवरून उगाच हात फिरवावा, तसं. मग फडक्याला हात पुसत म्हणाली, "पाण्यात जायचंय तिला. ओल शिरली तर तिथे कोण आहे बघायला?"

'ती' म्हणजे ठकी. दुकानामागच्या अंगणात दोन लाकडी ठोकळ्यांवर बसलेली छोटीशी होडी. माणूस बसेल एवढी जागा तिच्यात नव्हती. पुढे एक, मागे एक अशी दोन सोलर पॅनेलं, पोटात बॅटऱ्या, खाली मोटर. वल्हं मारायला कोणी नको की सुकाणू धरायला कोणी नको. तळ्याचं पाणी मोजत आपली आपण जायची आणि आपली आपण यायची. नुसता सांगाडा उभा होता तेव्हा शेजारी डिझेलची इंजिनं दुरुस्त करणारे इंजिनमामा कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, "हात नाहीत, पाय नाहीत. ही कसली होडी, ही तर लाकडाची ठकी." ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

धक्क्यावरचं बॅटरी चार्जिंगचं दुकान आत्याचं. होड्यांवरचे दिवे, मोबाइल, फेरीवाल्यांचे भोंगे, सगळ्यांच्या बॅटऱ्या तिच्याकडे यायच्या. छपरावर पॅनेलांची रांग होती आणि त्या रांगेशी तिचा एक नेम बांधलेला होता. सकाळी उठून सगळ्या काचा पुसून झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. ताप असो, पाऊस असो. सूर्य दारी येतो, त्याला धुळीची काच दाखवू नये, एवढंच तिचं म्हणणं. भाऊ आणि वहिनी एकापाठोपाठ गेले आणि त्यांची एवढीशी पोर तिच्या पदरी आली, तेव्हाही तिला काखेत घेऊन ती शिडी चढली होती. चार्जरची घरघर ऐकत काउंटरखाली झोपणारी तीच पोर आता शिकून मोठी झाली होती आणि होडीला स्वतःहून चालायला शिकवत होती.

समुद्राकाठच्या, पाणी मोजणाऱ्या मोठ्या कचेरीने कळवलं होतं: ठकीने तळ्याच्या पलीकडल्या तरंगत्या पिवळ्या पिंपाला वळसा घालावा, रात्र पाण्यावर काढावी आणि कोणाचाही हात न लागता परत यावं. आली, तर भाचीने तिकडे रुजू व्हावं, समुद्रासाठी मोठी होडी बांधावी. नाही आली, तर मग पुढे कधीतरी बघू.

आत्याने ते ऐकून "बरं" म्हटलं होतं. ठकी आली की पोरगी जाणार, हे तिला काही कोणी समजावून सांगायला नको होतं.

'जाणार' हा शब्द मात्र तिच्या घरात चालत नसे. उंबऱ्यावर "जाते" म्हटलं की आत्या हाताला धरून मागे ओढायची. "येते म्हण. मग जा." भाचीने ठकीलाही तेच शिकवलं होतं. थांबलेली ठकी जिथून निघेल तिथून आत्याच्या फोनवर एकच शब्द धाडायची: येते.

निघायच्या दिवशी भाची अंघोळीला गेली आणि आत्या अंगणात एकटीच उरली. तिने ठकीकडे पाहिलं. दोन बॅटऱ्या, अख्खी रात्र, आणि आभाळही धड नाही. वजनाचा सगळा हिशेब भाचीने केलेला होता, हे तिला माहीत होतं. पण पोर शाळेत जायची तेव्हा एक डबा पुरेल हे तरी आत्याने कधी मानलं होतं? दुसरा डबा दप्तरात तळाशी असायचाच. तिने दुकानातून तसलीच एक बॅटरी आणली, मागचं झाकण उघडलं, तारा नीट जोडल्या, व्हॅसलीन लावलं आणि झाकण बंद केलं. असू दे बरोबर. असलं तर काय टोचतं?

दुपारी ठकी पाण्यात उतरली. धक्क्यापासून वळली, तोंड फिरवलं आणि निघाली. आत्याच्या हातातला फोन थरथरला. इंजिनमामांनी वाकून वाचलं.

"येते? अहो आत्याबाई, आत्ता तर गेली! घाबरली की काय?"

"निघाली म्हणून सांगतेय ती, मामा," भाची हसत म्हणाली.

"मग जाते म्हणावं सरळ."

"आमच्या घरची आहे," आत्या म्हणाली. "नाही म्हणायची."

रात्र कशीबशी सरली. ठकी वाटेतून दुसरं काही कळवत नसे, त्यामुळे भाची काळोखाकडे बघत धक्क्यावरच बसून राहिली होती. उजाडताना फोन पुन्हा थरथरला. येते. पिवळ्या पिंपापाशी पाणी मोजायला थांबलेली ठकी वळसा घालून परतीला निघाली होती. भाचीने आत्याच्या गळ्यात हात टाकले आणि मग जी दुकानातल्या बाकावर कलंडली ती मेल्यासारखी झोपली. आत्याने तिच्या अंगावर चादर घातली, शिडी लावली, काचा पुसल्या.

ऊन चढायला हवं होतं, पण आभाळ राखेसारखं झालं. दुपार कलायला लागली तेव्हा इंजिनमामा दुर्बीण घेऊन आले. आवाज खाली करून म्हणाले, "मधल्या बेटाच्या अलीकडे आहे. दिसतेय, पण हलत नाही."

आत्याने दुर्बीण डोळ्याला लावली. लाटेवर डुलणारी ठकी सापडायला वेळ लागला. ठकी नाक वर करून बसली होती. मागची बाजू पाण्यात खचलेली, आणि मागच्या पॅनेलवर हिरवट काळं काहीतरी पसरलेलं. पाणगवत. मागची कड पाण्याला टेकली होती म्हणून ते लाटेबरोबर वर चढलं होतं आणि तिथेच बसलं होतं.

छपरावर पिंपळाचं एक पान पडलं तरी त्या पॅनेलचा आकडा कसा घसरतो, हे आत्या रोज बघत आली होती. कोपरा झाकला की सगळं पॅनेल सुस्तावतं. एवढ्या सगळ्या गवताखाली ते काय काम करणार? आणि जड शेपूट ओढत आणण्यात मोटरने रात्रभर दुप्पट खाल्लं असणार.

"लाँच काढू का?" मामा म्हणाले. "इंजिन गरमच आहे. दोर टाकला की आलोच. पोरीला उठवायचं कशाला?"

आत्याची दुर्बीण ठकीवरून हलली नाही. 

"बुडली तर सगळंच जाईल, आत्याबाई. आणि खरं सांगू का? ओढून आणली, तर पोरगीही इथेच राहील. तुमच्या डोळ्यांसमोर."

त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. आत्याला तेच जास्त लागलं. ती तिसरी बॅटरी आपण ठकीला पुरावं म्हणून ठेवली, की अजून काही होतं मनात? तिने छपराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. हात जोडावेत असं वाटलं आणि काय मागावं ते सुचेना.

"नको, मामा," ती म्हणाली. "इंजिन बंद करा."

मग ती आत गेली आणि बाकाच्या कडेला बसली. "चिमे. ऊठ गं."

भाचीने डोळे उघडले. "आली?"

"नाही. थांबलीय." आत्याने तिच्या अंगावरची चादर बाजूला केली. "मी मागे एक बॅटरी जास्तीची ठेवली. काल. तू अंघोळीला गेलीस तेव्हा."

भाची उठून बसली. केस तोंडावर आलेले, गालावर बाकाच्या फळीचा वण.

"डब्यासारखी?"

"हो. डब्यासारखी."

"आत्या, मी तो दुसरा डबा कधी खाल्ला नाही. शेजारची खायची."

"माहीत आहे मला. तिची आई सांगायची."

भाचीला हसू आलं आणि ते अर्ध्यावर राहिलं. ती धक्क्यावर आली, दुर्बीण लावली. मामा इंजिनाच्या चावीशी खेळत उभे होते. 

"बुडत नाहीये," ती शेवटी म्हणाली. "झोपलीय. बॅटऱ्या तळाला गेल्या की मोटर बंद करायची आणि उन्हाची वाट बघायची, असं सांगितलंय तिला. पुढचं पॅनेल कोरडं आहे. तेवढं ऊन मिळालं तर उठेल."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर नाही." तिने दुर्बीण आत्याला दिली. "तू जेवलीस का?"

आत्याने दुर्बीण डोळ्याला लावली.

"म्हणजे नाही. हा नेम कधी धरलास?"

"आत्ताच."

त्या दोघी धक्क्याच्या कठड्यावर बसल्या. मामाही पलीकडे बसले, पण त्यांना गप्प बसवेना. ते एकदा आभाळाला आणि एकदा सोलर लावणाऱ्या सगळ्या जगाला नावं ठेवत राहिले. डिझेल म्हणजे कसं, ढग बघत नाही. ऊन मात्र आलं ते न बोलता आलं. आधी बेटावरची झाडं पिवळी झाली, मग पाण्यावरून एक उजेडाचा पट्टा सरकत सरकत ठकीपर्यंत गेला आणि तिथे थांबला.

बराच वेळ काही झालं नाही. मग फोन थरथरला.

येते.

ठकी हलली. थोडी पुढे आली आणि पुन्हा थांबली. ढग गेला, ऊन आलं, फोन पुन्हा थरथरला. येते. पुन्हा थोडी आली, पुन्हा थांबली. पुन्हा येते.

"ही तुमच्यावर गेलीय हो आत्याबाई," मामा म्हणाले. "दारात उभी राहून दहा वेळा येते येते म्हणायचं आणि पाऊल काही उचलायचं नाही."

आत्या हसली. हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही, दुर्बीण डोळ्यांना होती.

सूर्य टेकायच्या आधी ठकी धक्क्याला लागली. शेपूट ओढत, अंगभर गवत, पण आपली आपण. कोणी हात लावला नव्हता. भाची गुडघाभर पाण्यात उतरली, गवत बाजूला केलं, झाकण उघडलं आणि ती तिसरी बॅटरी दोन्ही हातांनी उचलून आत्याच्या ओंजळीत ठेवली.

"तारा छान जोडल्या होत्यास," ती म्हणाली. एवढंच.

कचेरीतून बोलावणं आलं, ते यायचंच होतं. निघायच्या आदल्या दिवशी आत्याने बॅग भरली. पहाटे काचा पुसून आली, बॅगेशी बसली आणि तिनेच ती पुन्हा उघडली. जाड पांघरूण काढलं. लोणच्याची बरणी काढली. तळाशी सरकवलेला दुसरा डबा काढला, क्षणभर मांडीवर धरला आणि फळीवर ठेवून दिला.

भाचीने बॅग उचलली आणि थबकली. "आत्या, हलकी कशी झाली?"

"झाली," आत्या म्हणाली. "बस चुकेल."

मामांनी बॅग हातातून ओढून घेतली. थांबा समोरच होता, तरी भाची उंबऱ्यावरून दोनदा परत आली; एकदा चष्मा विसरला म्हणून आणि एकदा काही न विसरता. "येते, आत्या." "ये." "येते गं." "ये, ये." बस सुटली तेव्हा खिडकीतूनही तिचे ओठ तेच म्हणत होते.

आत्या मागच्या अंगणात आली. समुद्रासाठी नवी होडी होणार होती, म्हणून ठकी इथेच राहिली होती, त्याच दोन ठोकळ्यांवर, नाक पाण्याकडे करून. ऊन चांगलं चढलं होतं. आत्या तिच्याजवळ नुसती उभी राहिली. किती वेळ कोण जाणे. मग खाली लक्ष गेलं, तर तिची सावली पुढच्या पॅनेलवर आडवी पडली होती.

ती बाजूला सरकली.